तुमचे प्रश्न: ‘माइट कुड’ म्हणणारे आजोबा चुकतायत का?

गेल्या अंकात ॲपलेशियन डोंगरातल्या बोलीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं त्यावरच आलीत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच की अमेरिकेच्या पूर्वेकडे ही डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरलीय, आणि आपण बोलतोय ते तिच्या दक्षिण भागाबद्दल, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनियाचा नैऋत्य कोपरा, पूर्व केंटकी, पूर्व टेनेसी, नॉर्थ कॅरोलिनाचा पश्चिम भाग आणि जॉर्जियाचं उत्तर टोक. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या भागात मी चार वर्षं काढलीत, तर थोडं कानावर पडलेलं आणि थोडं वाचलेलं असं मिसळून सांगतेय.

एका वाचकाचं पत्र: माझा मुलगा टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ ‘आय माइट कुड डू दॅट’ म्हणतात, ‘द नेबर्स गोज’ म्हणतात, चारचौघांना मिळून ‘यू-अन्स’ म्हणतात. मुलगा म्हणतो हे चुकीचं इंग्लिश आहे, त्याचा मित्र म्हणतो हे अस्सल शेक्सपियरच्या काळचं. खरं काय?

दोघंही चुकलेत, फक्त मित्र जरा लाडाने चुकलाय.

आधी ‘माइट कुड’ घ्या. आपल्याकडे कुणी काम सांगितलं की आपण थेट हो किंवा नाही न म्हणता ‘बघतो, जमेल बहुतेक’ म्हणतो ना, तसं आहे ते. नुसत्या ‘कुड’मध्ये तो मऊपणा येत नाही. ‘यू-अन्स’ तर मराठी माणसाला लगेच पटायला हवं, आपल्याकडे तू आणि तुम्ही वेगळे आहेत, पुस्तकी इंग्लिशमध्ये एकाला पण ‘यू’ आणि दहांना पण ‘यू’, मग त्या लोकांनी ‘यू वन्स’चं ‘यू-अन्स’ करून ती अडचण सोडवली तर बिघडलं कुठे?

आणि ‘द नेबर्स गोज’ ही गंमत आहे. तुमच्या मुलाला सांगा नीट कान देऊन ऐक, ते आजोबा ‘द नेबर्स गोज’ म्हणतील पण सहसा ‘दे गोज’ म्हणणार नाहीत, तिथे ‘दे गो’च येईल. म्हणजे अनेकवचनी नाम असेल तर क्रियापदाला ‘स’ लागतो, शेजारी ‘दे’ असेल तर लागत नाही. हा नियम स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत काही शतकांपासून होता, तिथून आयर्लंडच्या अल्स्टर भागात गेलेल्या लोकांबरोबर अठराव्या शतकात समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात उतरला आणि शेनान्डोआ खोऱ्यातून बैलगाड्या, घोडागाड्यांबरोबर खाली दक्षिणेत डोंगरात पोचला.

‘अ-हंटिन’, ‘अ-गोइन’ असंही ऐकलं असेल त्याने. तिथे बाहेरचा माणूस नक्कल करायला गेला की हमखास पकडला जातो, कारण हा ‘अ’ कुठेही चिकटवता येत नाही. ‘ही वॉज अ-हंटिन’ चालतं, पण त्या शब्दाचं नाम झालं, ‘हंटिंग इज फन’ असं, की ‘अ’ गेला. आधी ‘बाय’सारखा शब्द आला तरी गेला. शब्दाचा जोर दुसऱ्या अक्षरावर असेल, जसं ‘डिस्कव्हरिंग’, तरी चालत नाही. हे वॉल्ट वुल्फ्रम आणि डोना ख्रिश्चन या भाषाशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांच्या बोलण्यावरून तपासलं. ते लोक हे कुठल्या शाळेत शिकले नव्हते. आपल्याला तरी कुणी शिकवलं होतं का की ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणायचं आणि ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना ‘ने’ लावायचा नाही? तरी पाच वर्षांचं पोर चुकत नाही.

आता शेक्सपियर. ‘अफीअर्ड’ म्हणजे घाबरलेला, ‘होल्प’ म्हणजे मदत केली, हे शब्द शेक्सपियरमध्ये आहेत आणि डोंगरातल्या जुन्या लोकांच्या तोंडीही होते, हे खरंय. पण शेक्सपियर वारला 1616 साली आणि डोंगरात वस्ती वाढली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मधे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. आलेल्यांत अल्स्टरचे लोक होते, जर्मन होते, इंग्रज होते, गुलाम करून आणलेले आफ्रिकन होते. आणि जमीन मुळात चेरोकी लोकांची. 1838 मध्ये बहुतेकांना जबरदस्तीने पश्चिमेला हाकललं, जे मागे राहिले त्यांचे वंशज आजही नॉर्थ कॅरोलिनात क्वाला बाउंड्रीत राहतात, तिथल्या पाट्यांवर सिक्वोयाने 1821 साली पूर्ण केलेली चेरोकी लिपी दिसते. एवढी सरमिसळ असताना ‘शुद्ध एलिझाबेथन’ कुठून राहणार? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लेखक मंडळींनी ही कल्पना पसरवली, हेतू चांगला होता, लोक या बोलीला हसत होते त्यांना गप्प करायचं होतं. पण माझ्या मते हसणारा आणि म्युझियममध्ये ठेवणारा दोघंही समोरचा माणूस आज काय बोलतोय ते ऐकतच नाहीत.

ॲपलेशिया म्हणायचं की ॲपलॅचा?

डोंगराच्या दक्षिण भागात ‘लॅच’. उत्तरेकडे आणि टीव्हीवर बऱ्याचदा ‘लेश’ ऐकू येतं. तिथे एक जोक आहे, नीट म्हणाला नाहीस तर ‘आय विल थ्रो ॲन ॲपल ॲट-चा’. मराठीत ॲपलेशिया लिहायची सवय पडलीय म्हणून मी तसं लिहिते, पण तिथे गेलात तर तोंड सांभाळा.

मी गाणं शिकते. या डोंगरात इंग्लंडमधली जुनी गाणी सापडली असं वाचलं. इंग्लंडमध्ये नव्हती का मग?

होती, पण कमी होत चालली होती. सेसिल शार्प नावाचा इंग्लिश संग्राहक 1916 ते 1918 या काळात मॉड कार्पलिस या सहकारी बाईंबरोबर डोंगरात फिरला, बरंचसं पायी, तेही दमा असताना. तो चाल लिहायचा, त्या शब्द लिहायच्या. त्याने लिहून ठेवलंय की इथे गाणं हे बोलण्याइतकंच सर्रास आहे. हॉट स्प्रिंग्ज गावच्या जेन हिक्स जेन्ट्री या एकट्या बाईंनी त्याला साठहून जास्त गाणी दिली. पण नाव नेहमी शार्पचं येतं, त्याच्याआधी ऑलिव्ह डेम कॅम्बेल ही गाणी गोळा करत होत्या, त्यांनी 1915 मध्ये आपला संग्रह दाखवला म्हणून तर तो आला. 1917च्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. याच बाईंनी पुढे 1925 साली ब्रासटाउनला लोककला शिकवणारी शाळा काढली, ती अजून चालू आहे.

‘बार्बरा ॲलन’ हे गाणं घ्या, लंडनच्या सॅम्युएल पेप्सने 1666च्या जानेवारीत एका नटीकडून ते ऐकल्याचं रोजनिशीत लिहिलंय, आणि तेच गाणं अडीचशे वर्षांनी शार्पला डोंगरातल्या घराघरात मिळालं. हॉट स्प्रिंग्ज ज्या जिल्ह्यात येतं त्या मॅडिसन काउंटीत अशा गाण्यांना ‘लव्ह साँग्ज’ म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्या गाण्यांत शेवटी कुणीतरी कुणाचातरी खून करतं. साथीला वाद्य नाही, चेहऱ्यावर हावभाव नाहीत, सपाट आवाजात अख्खी शोकांतिका सांगून मोकळं व्हायचं. शिकायची पद्धत गुडघ्याला गुडघा लावून, समोरासमोर बसून. गाणाऱ्याला यातलं काही नवीन वाटणार नाही.

शार्पची एक बाजू मात्र सांगायलाच हवी. त्याला इंग्लंड शोधायचं होतं, त्यामुळे डोंगरातल्या कृष्णवर्णीयांकडे त्याने फारसं बघितलंच नाही. आता ज्या बँजोशिवाय या संगीताचं चित्रच पुरं होत नाही तो बँजो आफ्रिकन लोकांनी आणलेल्या भोपळ्याच्या वाद्यांतून आलाय. 1927 साली ब्रिस्टल गावात ज्या रेकॉर्डिंगमधून कार्टर फॅमिली हे गाणारं कुटुंब पुढे आलं, त्या घरातल्या ए. पी. कार्टरबरोबर पुढे गाणी गोळा करत फिरायचा तो लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. टेपरेकॉर्डरच म्हणा ना.

जाता जाता बोलीचं एक टोक गाण्यात कसं अडकलंय बघा. 1868 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात टॉम ड्युला नावाच्या माणसाला खुनासाठी फाशी झाली. डोंगरी उच्चारात शब्दाच्या शेवटचा ‘आ’ ‘ई’ होतो, सोडाचं ‘सोडी’, ऑपेराचं ‘ऑप्री’, तसं ड्युलाचं झालं ‘डूली’, आणि 1958 मध्ये ते गाणं जगभर गाजलं ते ‘टॉम डूली’ म्हणूनच.

लहान मुलांना सांगण्यासारख्या गोष्टी आहेत का तिकडच्या?

जॅकच्या गोष्टी. धाकटा, गरीब, वरवर बावळट आणि आतून चलाख. नॉर्थ कॅरोलिनाच्या बीच माउंटनचे रे हिक्स (1922–2003) या गोष्टी सांगण्यासाठी प्रसिद्ध होते, 1983 साली त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. मला आवडतं ते यातला राजा, नावाला राजा, पण राहतो डोंगरातल्या शेतकऱ्यासारखा, ओसरीवर बसलेला असतो आणि जॅक सरळ जाऊन काम मागतो.

तिकडेही पंचांग बघून पेरणी करतात असं ऐकलं, खरं का?

अगदी खरं, ‘प्लँटिंग बाय द साइन्स’ म्हणतात. जमिनीच्या वर येणारं पीक चंद्र वाढता असताना, बटाट्यासारखं जमिनीखालचं चंद्र उतरता असताना. शिवाय बारा राशी शरीराच्या बारा भागांना वाटून दिलेल्या, मेष डोकं, मिथुन हात, मीन पाय. शेंगा लावायच्या त्या ‘चिन्ह हातात असताना’, म्हणजे चंद्र मिथुन राशीत असताना. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दर दिवसाचं चिन्ह छापलेलं असतं. पीक खरंच जास्त येतं का म्हणाल तर माझा विश्वास नाही, पण ज्या म्हाताऱ्या माणसाची बाग मी बघितलीय त्याच्याशी वाद घालायची माझी हिंमतही नाही.

उपचारही असेच. तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की ज्याने आपल्या बापाला कधी पाहिलं नाही अशा माणसाकडून बाळाच्या तोंडात फुंकर मारून घ्यायची. रक्त थांबवायला बायबलमधलं यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायातलं सहावं वचन म्हणायचं, आणि ही विद्या बाईने पुरुषाला नाहीतर पुरुषाने बाईलाच द्यायची. हे सगळं जपलं गेलं त्यात शाळकरी पोरांचा मोठा हात आहे, जॉर्जियात रेबन गॅपच्या शाळेतल्या मुलांनी 1966 मध्ये ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक काढलं आणि म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांना बोलतं करून छापलं, साबण कसा करायचा इथपासून लाकडी घर कसं बांधायचं इथपर्यंत. फॉक्सफायर म्हणजे कुजक्या लाकडावर अंधारात चमकणारी बुरशी.

मजेशीर शब्द सांगा ना थोडे!

माझा पहिला शब्द होता ‘पोक’. शेजारच्या आजी ओसरीवर हिरव्या शेंगा सुई-दोऱ्यात ओवत बसल्या होत्या, मोगऱ्याचा गजरा करावा तशा, एकेका शेंगेच्या मधोमध सुई घालून. त्या माळा वाळवून टांगतात आणि हिवाळ्यात भिजवून डुकराच्या चरबीबरोबर तासन्‌तास शिजवतात, वाळल्या की सुरकुतलेल्या चामड्याच्या विजारीसारख्या दिसतात म्हणून नाव ‘लेदर ब्रिचेस’. तर त्या म्हणाल्या ‘हँड मी दॅट पोक’ आणि मी इकडेतिकडे बघतेय, पोक काय असतं, शेवटी त्यांनी हनुवटीने दाखवलं, साधी कागदी पिशवी. त्याच दिवशी त्यांच्या भिंतीवरची फळी बघून ‘सायगॉगलिन’ पण कळला, म्हणजे तिरकं, वाकडंतिकडं. मला यापेक्षा चांगला शब्द त्या फळीसाठी अजून सुचलेला नाही.

हवा गार वाटली तर ‘एअरिश’. भूत म्हणजे ‘हेंट’. दोन डोंगरांमधली अरुंद दरी ‘हॉलर’. जिनसेंग या औषधी मुळीला नुसतं ‘सँग’, आणि ती खणायला जाणं म्हणजे ‘सँगिन’. मे महिन्यात ऊन पडायला लागलं की मधेच चारदोन दिवस थंडी परत येते, तेव्हा रानात ब्लॅकबेरी फुललेली असते म्हणून ते दिवस ‘ब्लॅकबेरी विंटर’. कांबळी आत ठेवायची घाई करू नका असं आजी त्यावरून सांगायच्या.

ही बोली आता संपत चाललीय का? आणि (पहिल्याच वाचकाचं ताजा कलम) माझ्या मुलानेही त्यांच्याशी तसंच बोलावं का?

संपतेय संपतेय असं 1937 पासून म्हणतायत. त्या वर्षी जोसेफ हॉल नावाचा विद्यार्थी ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये आला, तिथे नॅशनल पार्क करण्यासाठी शेकडो कुटुंबांना हलवलं होतं, त्यांची भाषा पांगायच्या आत टिपायची होती. 1939 मध्ये त्याने रेकॉर्डिंग केलं. त्याच्या टिपणांवर पुढे मायकल मॉन्टगोमरींनी काम केलं आणि 2004 साली स्मोकी डोंगराच्या बोलीचा शब्दकोश निघाला, मग 2021 मध्ये सगळ्या दक्षिण ॲपलेशियाचा त्याहून मोठा. काही शब्द गेलेत, ‘होल्प’ आता तरुणांकडून ऐकू येणार नाही, ‘माइट कुड’ मात्र मजेत आहे.

माणसंही जागा सोडत नाहीत तशी. दुसऱ्या महायुद्धात स्मोकी डोंगराच्या पायथ्याशी फोंटाना धरण बांधलं, जुने रस्ते पाण्याखाली गेले, कबरी पलीकडच्या काठाला राहिल्या. सरकारने 1943 मध्ये नवा रस्ता देतो म्हणून कबूल केलं, थोडा बांधला आणि सोडला, शेवटी 2010 मध्ये त्याबदल्यात काउंटीला 5 कोटी 20 लाख डॉलर द्यायचं ठरलं. घरचे लोक अजूनही ‘डेकोरेशन डे’ला बोटीने तलाव ओलांडून जातात, कबरींवरची माती सारखी करतात, फुलं वाहतात, गाणी म्हणतात आणि डबे उघडून तिथेच जेवतात.

मुलाने नक्कल करू नये, चेष्टा वाटते. समजून घ्यावं एवढं पुरे. एक गोष्ट मात्र त्याला आत्ताच सांगून ठेवा. ते आजोबा त्याला कधी घरी बोलावतील, आणि तो निघाला की, किंवा ते स्वतः कुठून निघाले की म्हणतील ‘कम गो होम विथ मी’. याचा अर्थ गाडीत बसायचं असा नाही. मी पहिल्यांदा खरंच पर्स उचलली होती. तुम्ही म्हणायचं, नाही हो जमणार, तुम्हीच राहा ना आज इकडे. मग ते म्हणतात, नाही, निघायलाच हवं. आणि मग अजून अर्धा तास दारात गप्पा.