डी जीवनसत्त्व दिल्याने मुलांची सर्दी थांबते का?

तुमचा मुलगा चार वर्षांचा, दर पंधरा दिवसांनी सर्दी-खोकला, आणि मेडिकलवाल्याने डी जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट सुचवलंय. द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. सर्दीसाठी म्हणून देऊ नका, ताई.

मी चोपड्याची. लेकीसाठी मीही असं पाकीट आणून ठेवलं होतं, बालरोगतज्ज्ञांनी अडवलं म्हणून बरं झालं. नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. काबूलमध्ये 3,000 हून जास्त बाळांवर प्रयोग झाला. निम्म्या बाळांना दर तीन महिन्यांनी 1 लाख युनिटचा डोस दिला, तोही दीड वर्ष. न्यूमोनिया काही कमी झाला नाही. टोरांटोत हिवाळाभर काही मुलांना रोज 400 आणि काहींना 2,000 युनिट दिले, तरी सर्दी दोघांकडे सारखीच. मंगोलियात मात्र मुलांमध्ये कमतरता फार होती. तिथे रोज दुधातून 300 युनिट मिळालेल्या शाळकरी मुलांना सर्दी-खोकला जवळपास निम्म्याने कमी झाला. मला यातून एवढंच कळलं की कमतरता मोठी असेल तर रोजचा छोटा डोस कामाला येऊ शकतो, एकदम दिलेला मोठा नाही. उगाच जास्त दिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीलाही धोका असतो.

आपल्या खान्देशात उन्हाला काय तोटा, असं वाटतं ना? पण पारा 45 वर गेला की पोरं संध्याकाळपर्यंत घरातच. बाळाला तेल लावून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात धरतो, त्या तिरप्या उन्हात डी तयार करणारे किरण फार थोडे असतात. थंडीच्या दिवसांत अकरा-बाराला अंगणात खेळू द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला तर वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायलाच सांगतात, कारण आईच्या दुधात ते पुरेसं नसतं. पण ते हाडांसाठी.

आमच्याकडे खरा फरक पडला तो धूर हटवल्यावर. सासूबाई थंडीत पाणी तापवायला कपाशीच्या पऱ्हाट्या जाळायच्या आणि लेकीची खाट चुलीला लागूनच. चूल मागच्या अंगणात नेली. सर्दी अजूनही होते (या वयात वर्षाला सहा-आठ वेळा होतेच), पण रात्रभराचा खोकला गेला.

न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस झाली का, कार्डावर बघा. ती सरकारी दवाखान्यात बाळांना फुकट देतात. आणि मुलगा शांत झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजा. 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच रात्री डॉक्टरांकडे न्या.