नव्या विज्ञानकथेचं परीक्षण: आधी त्यातला 'जर' शोधा

तुम्ही विचारलंय की विज्ञानकथांचा एक नवा संग्रह आणि एक अद्भुतरम्य कादंबरी हाताशी आहे, पहिल्यांदाच परीक्षण लिहायचंय, तर कथानक किती सांगावं, आणि विज्ञान शाखेची नसताना विज्ञानकथेवर मत द्यावं का. जरूर द्यावं. विज्ञानकथा प्रयोगशाळेतल्या लोकांपुरती लिहिलेली नसते, आणि तिचं परीक्षण म्हणजे पेपर तपासणं नव्हे.

पहिलं वाचन कुठेही न थांबता करा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक कथेतला 'जर' शोधा. लेखकाने आपल्या जगात नेमकं काय बदललंय? माणूस २०० वर्षं जगू लागला, आठवणी विकता येऊ लागल्या, असं काहीतरी. ते तुम्हाला एका वाक्यात मांडता आलं पाहिजे. मग बघा, त्या एका बदलाने आणखी काय काय हललं. माणूस २०० वर्षं जगतो म्हटल्यावर वडिलोपार्जित घराची वाटणी कधी होणार? साठीला निवृत्त झालेल्याने उरलेली १४० वर्षं काय करायचं? पणतवंडांच्या लग्नात किती पिढ्या मांडवात असतील? यातलं काहीच कथेत नसेल, आणि माणसं आजच्यासारखीच वागत असतील, तर तो 'जर' नुसता शोभेचा आहे. परीक्षणात हे ठामपणे लिहा. माझ्या मते आपल्याकडच्या बऱ्याच विज्ञानकथा इथेच कमी पडतात. कल्पना चांगली असते, पण तिचे परिणाम घरापर्यंत पोचत नाहीत.

आता विज्ञानाच्या अचूकतेविषयी. सगळं तपासत बसू नका, कथा ज्या गोष्टीवर उभी आहे तेवढीच तपासा. समजा, मंगळावर गेलेली मुलगी पुण्यातल्या आईशी फोनवर बोलतेय आणि दोघींचं बोलणं शेजारच्या खोलीतून बोलावं तसं चाललंय. मंगळ पृथ्वीपासून कधी साधारण ५.५ कोटी किलोमीटरवर असतो, कधी ४० कोटींवर. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने गेला तरी एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला त्याच्या दुप्पट. ही माहिती शाळेतल्या कुठल्याही विज्ञानशिक्षकांना विचारली तरी मिळेल. पण परीक्षणात 'इथे लेखकाची चूक झाली आहे' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. त्या चुकीमुळे कथेचं काय नुकसान झालं ते दाखवा. आईने 'बरी आहेस ना गं?' विचारायचं आणि उत्तराला पाऊण तास. तोवर कुकर उतरतो, दूधवाला येऊन जातो, आणि तिचं सगळं लक्ष त्या पडद्याकडे. कथेतला सर्वांत जिवंत प्रसंग लेखकाच्या हातून निसटला, हे वाचकाला कळलं पाहिजे. उलट, प्रकाशाहून वेगाने संदेश जातो हाच कथेचा 'जर' असेल तर तो मान्य करा आणि शेवटपर्यंत पाळलाय का एवढंच बघा.

अद्भुतरम्य कादंबरीलाही हीच कसोटी लावा. जादू आहे म्हणजे काहीही चालतं, असं समजू नका. हिरण्यकशिपूची गोष्ट आठवा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. नरसिंह यातली एकही अट मोडत नाही. उंबरठा, तिन्हीसांजेची वेळ, मांडी, नखं. वर खरा ठरतो आणि तरीही राक्षस मरतो, म्हणून तर ती गोष्ट शेकडो वर्षं ऐकावीशी वाटते. तुमच्या कादंबरीत शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायकाला अचानक नवीच शक्ती सापडत असेल, आणि तिची चाहूल आधी कुठेच नसेल, तर लेखकाने आपणच घातलेल्या अटी मोडल्या. हे शेवट न फोडताही सांगता येतं.

कथानकाचं म्हणाल तर पहिल्या पाव भागापलीकडचं काही सांगू नका. संग्रहातल्या सगळ्या कथांचे सारांश देऊ नका; दोन-तीन निवडा आणि त्यांवर नीट लिहा. एखादा परिच्छेद जसाच्या तसा द्या, म्हणजे भाषा कशी आहे हे वाचक स्वतः ठरवतील. लेखक माहिती कशी पेरतो तेही बघा. काका पुतण्याला चार पानं सापेक्षतावाद समजावत असतील, तर तेवढा वेळ कथा ठप्प असते.

आणि मुखपृष्ठावरच्या नावाला भुलू नका, बिचकूही नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, पण परीक्षकांसमोर फक्त कथा होती, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नवोदितांचं पुस्तक हाती घेताना मी मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचतच नाही, तुम्हीही तसं करून बघा. 'मराठीतला अमुक' अशी तुलना तर परीक्षणात टाळाच. त्यातून ना या लेखकाबद्दल काही कळतं, ना त्या.

पुस्तक लेखकाने किंवा प्रकाशकाने भेट दिलं असेल तर ते सुरुवातीलाच नमूद करा. दोन्ही पुस्तकांवर एकाच लेखात लिहू नका. संग्रह आधी घ्या. कादंबरी एखाद्या मालिकेचा पहिला भाग असेल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे अर्धवट सुटलेल्या धाग्यांचा दोष वाचक त्या पुस्तकाला देणार नाहीत.