चहात अँटिऑक्सिडंट असतात, तर दिवसाला पाच-सहा कप प्यावा का? ग्रीन टीची बिस्किटं चांगली का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा म्हणून काम करते. चहाशी माझी रोज गाठ पडते, तीही लोहाच्या गोळ्यांपायी, म्हणून सविस्तर लिहिते.

चहाच्या हिरव्या पानात कॅटेचिन नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात. आपली दाणेदार सीटीसी पत्ती बनवताना पान चुरडून हवा लागू देतात, त्यात बरीच कॅटेचिनं बदलून थिआफ्लेविन, थिआरुबिजिन तयार होतात. चहाचा लालसर रंग त्यांचाच. म्हणजे आपल्या साध्या पत्तीतही गुण आहेत, महागडा ग्रीन टीच पाहिजे असं नाही. (गवती चहा वेगळा. ते चहाचं झाडच नव्हे.)

पण हीच तुरट द्रव्यं भाकर-भाजीतलं लोह पोटात बांधून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. आमच्याकडे कापूस वेचायला निघालेल्या बाया सकाळी कोऱ्या चहाबरोबर शिळी भाकर खातात आणि त्याच चहाच्या घोटानं लाल गोळी गिळतात. मला ते पाहून फार वाईट वाटतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आहे आणि घरपोच दिलेली गोळी अशी वाया जाते. मी चहा सोडा म्हणत नाही. जेवण आणि चहात तासाभराचं तरी अंतर ठेवा, गोळी पाण्यासोबत घ्या, भाजीवर लिंबू पिळा.

कपांचं म्हणाल तर साखर मोजा. कपाला दोन चमचे धरले तरी पाच कपांत दहा चमचे झाले, ते फार आहे.

बिस्किटात चहाचा अर्क घालतात तो बरेचदा त्यातलं तेल-तूप खवट होऊ नये म्हणून. ते काम तो चांगलं करतो, पण त्यानं मैदा-साखर कमी होत नाही. वजन उतरवायच्या ग्रीन टी कॅप्सूल मात्र मनानं घेऊ नका. अशा गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे.

आणि घरात कुणी गोळ्या नियमित घेऊन, चहाचं अंतर पाळूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. आपल्या विदर्भात तो आजार बऱ्याच घरांत आहे.