रोहूतील काटे येतात कुठून?

प्रश्न : पापलेटऐवजी रोहू आणला, की मधला काटा काढून टाकल्यावरही प्रत्येक घासात बारीक, दुतोंडी काटे लागतात. हे कोणत्या हाडाचे तुकडे असतात?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : ते तुकडे नसून स्वतंत्र हाडेच असतात. शिजलेला मासा ज्या पापुद्र्यांनी सुटतो, त्या स्नायूंच्या पट्ट्यांमध्ये पातळ पडदे असतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या या पडद्यांतील कंडरांचेच (स्नायूंना जोडणाऱ्या चिवट तंतूंचेच) थेट हाडात रूपांतर होते आणि पाठीच्या कण्याशी त्यांचा सांधा नसल्यामुळे कणा अख्खा उचलला, तरी ती मांसातच राहतात. पोटाकडचे लांब, वळलेले काटे मात्र खऱ्या फासळ्या होत.

दोष गोड्या पाण्याचा नव्हे. तळ्यातल्या तिलापियाला असे दुतोंडी काटे नसतात. उलट समुद्रातून नदीत चढणारा पाला (हिलसा) मासा काट्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तुकड्यांना अगदी कमी अंतरावर आडव्या चिरा देऊन ते कडक तळल्यास काटे पुष्कळसे निभावतात.

रोहूचे डोके टाकून देण्याआधी कवटीमागचे पहिले चार मणके अवश्य न्याहाळावेत, कारण आमच्या मते या सांगाड्यातील खरी नवलाई तिथेच आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंना असलेली चिमुकल्या हाडांची साखळी पोटातील हवेच्या पिशवीला जाणवलेली ध्वनीची कंपने आंतरकर्णापर्यंत पोहोचवते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८२० मध्ये तिचे वर्णन केले. शिंगाळा, मागूर यांनाही ती असते, पापलेटला नसते.