कार्पेट ओलं होतंय, पाणी येतंय कुठून?

प्रश्न: गाडी २००६ ची हॅचबॅक, राहतो चिपळूणला. पाऊस झाला की डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलंचिंब. पुढच्या काचेच्या कडेने दोनदा सिलिकॉन मारलं, फरक शून्य. काय करू?

उत्तर: दादा, आधी ते सिलिकॉन थांबवा. पाणी जिथे साचतं तिथूनच शिरतं असं नसतं. पाऊस नसताना नुसत्या एसीने ओलं होत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, आणि चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, बघावा लागेल. तुमचं पावसातलं आहे, म्हणजे बाहेरून. वायपरखालची जाळी काढा, तिथे पानांचा काळा गाळ बसतो आणि पाणी ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) वाटेने आत येतं. ते साफ करा, मग कार्पेट उचलून पत्रा कोरडा पुसा, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपची हलकी धार सोडायची, पण खालून वर जायचं, वरून सुरू केलं तर सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पाणी दारातून येताना दिसलं आणि दाराच्या पॅडमागचा, पाणी अडवणारा प्लास्टिक कागद सुटला असेल तर तो ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. कार्पेटखालचा फोम मात्र बाहेर काढूनच वाळवा हं, वरून कोरडा वाटतो पण आत पाणी धरून ठेवतो आणि पत्रा सडतो.