साक्षीदाराचा अख्खा मोबाईल आरोपीला मिळतो का?

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालेला कोयत्याचा हल्ला मी गॅलरीतून मोबाईलवर टिपला. पोलिसांनी मोबाईल जप्त केला. नुकतंच खुनाच्या प्रयत्नाचं दोषारोपपत्र दाखल झालं. फोनमध्ये माझे दवाखान्याचे कागद, घरच्यांशी झालेलं चॅटिंग आहे. ते आरोपीला मिळेल का? माझं नाव लपवता येईल का? परवा त्याच्या मामाने फोन करून ‘मिटवून घ्या’ म्हटलं. – एक वाचक, पुणे

ताई, मामाचा फोन आला म्हणजे नाव फुटलंच आहे. ते लपवायच्या मागे लागू नका. आपल्याविरुद्ध कोण काय सांगतंय हे आरोपीला कळल्याशिवाय त्याचा वकील उलटतपास घेणार कसा? मोक्कासारख्या कायद्यात ओळख गुप्त ठेवायची खास तरतूद आहे, पण तुमचं प्रकरण त्यातलं दिसत नाही.

फोनचं मात्र तसं नाही, आणि तिथे घाई करा. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा पूर्ण फोनचीच प्रत निघते आणि ती पेनड्राइव्हवर दोषारोपपत्रासोबत येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत त्याला दोषारोपपत्राच्या आणि सोबतच्या कागदपत्रांच्या नकला द्याव्या लागतात. एकदा पेनड्राइव्ह त्याच्या हातात गेला की कुठलंही कोर्ट तो मजकूर परत आणू शकत नाही.

म्हणून उद्याच कोर्टात जाऊन नकला दिल्या का ते विचारा. दिल्या नसतील तर सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या. ते चालढकल करत असतील तर मोबाईलची मालक म्हणून स्वतःचा वकील लावून द्या. मागणी नेमकी ठेवा : हल्ल्याचा व्हिडिओ, त्याची हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे ताडायचा सांकेतिक क्रमांक) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र एवढंच आरोपीला द्यावं, बाकी डेटा सीलबंद ठेवावा, आणि नकलांमधला माझा पत्ता व मोबाईल नंबर झाकावा. ‘माझा खासगीपणा जपा’ एवढंच मोघम लिहिलं तर अर्ज नुसता फाईलला लागतो.

आधार म्हणून पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य (2019) हा निकाल जोडा. त्यात मेमरी कार्डवरचा मजकूर हा दस्तऐवजच आहे, म्हणजे एरवी त्याची प्रत आरोपीला मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पण पीडितेच्या खासगीपणासाठी आरोपीला प्रत न देता फक्त पाहू दिलं. तुम्ही पीडित नाही, साक्षीदार आहात, हा फरक समोरचा वकील दाखवेलच. तरी ज्या चॅटिंगचा खटल्याशी संबंधच नाही, ते त्याला कशासाठी हवं याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. दोषारोपपत्र वेबसाइटवर झळकेल ही भीती असेल तर ती सोडा. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय.

आता मामा. प्रेमाने ‘मिटवा’ म्हणणं आणि धमकी यातली रेषा पुसट असते, म्हणून नेमके शब्द, तारीख, वेळ आजच लिहून ठेवा. खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली सात वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. आरोपी जामिनावर असेल तर हीच नोंद जामीन रद्द करायला उपयोगी पडते. शिवाय साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. धोक्याचा अहवाल पोलीस देतात. साक्षीच्या दिवशी आरोपीशी समोरासमोर गाठ पडू नये, एवढं तरी त्यात नक्की मागा.

मामाचा पुन्हा फोन आला तर वाद घालू नका, समजावूही नका. ‘जे बोलायचं ते कोर्टात’ म्हणा आणि ठेवून द्या.