खरकटं काढा, भांडी घासू नका

भांडी आधी विसळूनच लावायची असतील तर डिशवॉशर घेतला कशाला, असं सासूबाई विचारतात. काय उत्तर देऊ? (पुणे)

सासूबाईंचं बरोबर आहे. विसळायची गरज नसते. ताटातली कढीपत्त्याची पानं, शेवग्याचा चोथा, हाडं, भाताची शितं चमच्याने किंवा हाताने केराच्या डब्यात ढकलायची, एवढंच. वाटीला आमटीचा नुसता थर उरला असेल तर तो राहू द्या. डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात. त्यांतलं अमायलेज भात-पोळीचा स्टार्च तोडतं आणि प्रोटीज डाळ-दुधातली प्रथिनं. शिवाय अनेक मशिनांत पाण्याचा गढूळपणा ओळखणारा सेन्सर असतो. भांडी लखलखीत करून लावलीत तर ऑटो प्रोग्रॅम ती स्वच्छच आहेत असं समजून हलकं धुतो आणि तेलकट पळी तशीच राहते.

अपवाद तीन-चारच. दुधाचं पातेलं आणि कणकेची परात यांत लगेच गार पाणी घाला, गरम नको, कारण प्रथिनं उष्णतेने आणखी घट्ट बसतात. करपलेलं भांडं भिजवावंच लागतं. तळणीच्या कढईतलं तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या. आणि मोहरी! फोडणीची मोहरी जाळीतून निसटून फवाऱ्याच्या भोकात जाऊन बसते. वरच्या रॅकमधल्या वाट्या अचानक चिकट राहू लागल्या तर फिरता फवारा काढून नळाखाली धरा आणि अडकलेले दाणे टूथपिकने काढा. तळाची जाळी तर आठवड्यातून एकदा धुवाच.

कुकर धुतला आणि काळा पडला. मशिन बिघडलं का? (नाशिक)

मशिन ठीक आहे, तुमचा कुकर ॲल्युमिनियमचा आहे. डिशवॉशरचं डिटर्जंट चांगलंच अल्कधर्मी असतं आणि ते ॲल्युमिनियमचा वरचा थर खाऊन टाकतं. हार्ड ॲनोडाइज्ड कढईचंही तेच होतं. काळेपणा कमी करायला कुकरमध्ये पाणी आणि लिंबाच्या साली किंवा चिंच घालून उकळा. बराच उतरतो. पण पुढच्या वेळी हातानेच घासा.

स्टीलचा कुकर खुशाल लावा, मात्र शिट्टी आणि रिंग काढून. बिडाचा तवा लावलात तर तेलाने मुरवलेला थर एका फेरीत जातो आणि तासाभरात गंज दिसतो. पितळ-तांब्याची चकाकी जाते. पोळपाट-लाटणं फुगतं, चिरतं. हे सगळं सोडलं तरी रोजची ताटं, वाट्या, पेले, डबे, पातेली उरतात, आणि खरा ढीग त्यांचाच असतो.

लावताना वाट्या एकात एक घालू नका. पालथ्या आणि तिरक्या ठेवा, म्हणजे बुडाच्या खोलगट कडेत पाणी साचणार नाही. डाव आणि झारा आडवे ठेवा. उभा झारा फवाऱ्याला अडला की तो फिरतच नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी फवारा हाताने एकदा फिरवून बघायची सवय लावा.

डिटर्जंट संपलं म्हणून सिंकवरचं लिक्विड घातलं तर सगळीकडे फेस झाला. आणि टॅब्लेट नेमकी कुठे टाकायची? (ठाणे)

ते लिक्विड कधीही नको, चमचाभरसुद्धा. फेसामुळे पंपात हवा शिरते, फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी दारातून बाहेर येतं. एक वेळ नुसत्या गरम पाण्यावर चालवलेलं परवडलं.

टॅब्लेट दारातल्या कप्प्यात, कोरड्या हाताने. तळात टाकलीत तर ती सुरुवातीच्या धुण्यातच विरघळते आणि त्या पाण्याबरोबर बाहेर जाते, खऱ्या धुण्याला काहीच उरत नाही. कप्प्यासमोर मोठं ताट किंवा परात उभी करू नका, झाकण उघडत नाही. मी स्वतः पावडरीच्या बाजूने आहे. चार कपबश्यांना चिमूटभर कमी आणि मटणाच्या पातेल्याला जास्त, असं टॅब्लेटमध्ये करता येत नाही.

काचेच्या पेल्यांवर पांढरी साय धरते. मीठ घालू का? घरातलं चालेल? (छत्रपती संभाजीनगर)

आधी पेल्यावर लिंबू चोळून बघा. साय गेली तर तो पाण्यातला क्षार आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे हे हमखास होतं. लिंबानेही गेली नाही तर काच झिजली आहे, ती परत येणार नाही. मऊ, म्हणजे कमी क्षाराच्या पाण्यात जास्त डिटर्जंट घातलं तर असं होतं.

क्षार असेल तर मीठ हवं, पण डिशवॉशरचंच. तळातल्या सॉफ्टनरमधलं (पाणी मऊ करणाऱ्या भागातलं) रेझिन, म्हणजे बारीक मणी, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मीठ त्याला पुन्हा ताजं करतं. घरातल्या बारीक मिठात आयोडीन आणि ते मोकळं ठेवणारी द्रव्यं असतात, तर खडेमिठात मॅग्नेशियम. दोन्ही नकोत. मीठ भरलं की लगेच फेरी लावा, सांडलेल्या खाऱ्या पाण्याने तळाला गंज धरतो. पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे मशिनची सेटिंगही बदला, ती बहुतेक जण विसरतात. डाग तरीही राहिले तर रिन्स एडचं (शेवटच्या पाण्यात मिसळणाऱ्या, डाग टाळणाऱ्या द्रवाचं) प्रमाण एका अंकाने वाढवा.

प्लास्टिकच्या डब्याला हळदीचा पिवळा रंग? (सांगली)

तो मशिनने जात नाही. धुऊन उन्हात ठेवा, एक-दोन दिवसांत फिका पडतो. आणि डबा वरच्याच रॅकमध्ये लावा, खाली ठेवला तर झाकण वाकडं होऊन बसायचं नाही.